आईच्या वाट्याचे मासे

आईला मामाचा फोन आला, "बाई, यंदा तलावावर तूच ये. पुढच्या सालपासून लेकीचा हिस्सा बंद करून राह्यलो." आईचे गुडघे आता एसटीची पायरी चढत नाहीत. ती एवढंच म्हणाली, "जा अन् भांडून ये." मी भांडायच्या तयारीनेच निघाले.

आधी हा हिस्सा समजून घ्या. आईच्या माहेरी, मूल गावाजवळच्या खेड्यात, उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सारं गाव मिळून मासे धरतं. मग दर चुलीमागे एक वाटा, आणि लग्न होऊन गेलेल्या प्रत्येक लेकीच्या नावाचाही एक लहानसा. आईचा वाटा मामा वाळवून नागपूरला पाठवतो. तो डबा उघडला की वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात आणि आई आठवडाभर खुशीत असते.

जायचं असेल तर नागपूरहून सकाळची मूलची एसटी धरा. उमरेड, नागभीड, सिंदेवाही असा रस्ता, बायकांना अर्धं तिकीट. पाणी भरपूर घ्या. मूलच्या स्टँडवर आलूबोंडा आणि तर्री खाऊन पुढे काळीपिवळी जीप. राहायची सोय मूललाच बघा, खेड्यात मामा असेल तरच मुक्काम.

लहानपणी मूल गाव सुटलं की झाडंच झाडं होती, मोहाच्या वासाने डोकं जड व्हायचं. आता घरं, मग धानाचे बांध, मग पुन्हा घरं. सरपणाला बायका पहाटेच निघतात, कारण जंगल लांब गेलंय. मला ते जुनं जंगल हवं होतं, हट्टी पोरीसारखं हवं होतं.

तलाव मात्र होता तेवढाच. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गाव जमलेलं. मी मामाला गाठलंच. "लेकीच्या ओंजळभर माशांनी गाव उपाशी राहतं का हो मामा?"

मामा चिडला नाही. "आमच्या बाबाची एक चूल होती, बाई. आता माही येगळी, माह्या मोठ्या पोट्ट्यायच्या येगळ्या. घरोघरी असंच. चुली वाढून राह्यल्या. तलावाले थोडीच पोट्टे होतात?"

पळसाच्या पानांवर वाटे मांडले. इथली वाटणी बघण्यासारखी असते. आईची बालमैत्रीण जनाबाई माशांकडे पाठ करून बसते. मागे एकजण वाट्यावर काठी टेकवून विचारतो, "हा कोनाचा?" जनाबाई न बघता एक नाव पुकारते. ज्याचं नाव त्याचा वाटा, मग कुरकूर नाही. नावं संपता संपेनात. मामाच्या पानावर एक मरळ आणि थोडी बारीक मासळी आली. पाच तोंडांच्या घराला तेवढंच. ते बघून मी भांडायचं सोडून दिलं.

मग लेकींचे वाटे निघाले, शेवटचे.

"हा कोनाचा?"

"सुमी!"

आमच्याकडे ती आई, शेजारी काकू, बँकेत आडनावासकट सगळं. सुमी म्हणणारी जागा एवढीच उरली होती, आणि तीही आजच्यापुरती. मी "ओ" म्हटलं आणि सगळ्यांसमोर रडले.

दोन दिवसांनी मामीने मासे वाळवून, पानात बांधून दिले. घरी पोचल्यावर आईला सगळं सांगितलं. भांडले नाही, हेही सांगितलं. वाटलं, आता माझी खैर नाही. तिने पुडी मांडीवर घेतली.

"माहे दोन भाऊ लहानपनीच तापानं गेले," ती म्हणाली. "जगले असते तं त्यायच्याबी चुली राह्यल्या असत्या. तवा मासे लय होते, पोट्टे जगत नव्हते. आता जगून राह्यले. बरं झालं."

बरं झालं म्हणताना तिचे डोळे मात्र भरलेले होते. पुडी तिने हातातून सोडली नाही. वासच घेत राहिली.

"जनीनं हाक कशी मारली? मारून दाखव."

मी तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले आणि पाळीवर ऐकली तशीच हाक दिली, "सुमी!"

मागून हळूच आवाज आला, "इथीच आहो वं, जने."