नागपूरच्या बाईचा खण

माझ्या आईवडिलांना व्हिसा नाकारला गेला ही गोष्ट मी दोन-तीन वर्षं विनोद म्हणून सांगत असे. पुढे आम्ही अमेरिकेतल्या मोठ्या शहरात राहायला गेलो, तिथं चार मराठी घरं जेवायला जमली की कुणीतरी म्हणायचंच, तुमच्या आबांची ती गंमत सांगा. मग मी आबांसारखा घसा खाकरून, डोक्यावरचा पटका सारखा केल्याचा आव आणून सांगायची. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायची. आता ती गोष्ट मी सांगत नाही.

माझं माहेर कडेगावजवळच्या एका खेड्यात, सासर कोरेगावात. नवऱ्याला अमेरिकेत एका कारखान्यात नोकरी लागली आणि चौऱ्याहत्तरच्या सुमारास मीही त्याच्यामागे गेले. गाव लहान होतं. अख्ख्या गावात हिंदुस्थानी माणसं दोन, एक मी आणि एक तो. तो सकाळी सहाला जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा, तोही दमून, घुम्यासारखा. मी दिवसभर घरात. मराठी शब्द तोंडातून निघायचा तो कुकरला शिव्या घालताना. शेजारच्या घरातली म्हातारी खिडकीतून हात हलवायची, मीही हलवायची, आणि आमचं तेवढ्यावरच भागायचं. मला तिथं फार एकटं वाटत होतं. हे वाक्य आज मी सरळ लिहितेय, तेव्हा कुणाला लिहिता आलं नाही.

लिहिणार तरी कसं? आईला वाचता येत नव्हतं. माझं पत्र आलं की आबा सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचे आणि ऐकायला निम्मी आळी गोळा व्हायची. त्या सगळ्यांच्या देखत, मला इथं करमत नाही, असं आबांच्या तोंडून कसं वदवायचं? आणि आईचा तर प्रत्येक पत्रात एकच प्रश्न असायचा, शेजारपाजार कसा हाय. शेवटी मी लिहून टाकलं की शेजारी नागपूरची एक बाई राहते, फार मायाळू आहे, रोज दुपारी येऊन बसते. नागपूर मुद्दाम निवडलं. आमच्या गावातलं कुणी कधी तिकडं गेलं नव्हतं, त्यामुळे खरंखोटं करायला कोण जाणार होतं?

ती बाई मग पत्रागणिक वाढत गेली. तिनं मला वडाभात करायला शिकवला, माझ्या तापात डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, संक्रांतीला तिळगूळ दिला. आईही तिला निरोप धाडायला लागली. एकदा तर त्या बाईला मूलबाळ किती म्हणून विचारणा आली, तेव्हा मी तिला दोन मुलगे देऊन टाकले.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात मला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत. पण आमची तिथं कायम राहायची कागदपत्रं अर्धवट होती. देशाबाहेर गेले असते तर परत आत घेतील याचा भरवसा नव्हता. तेव्हा मला माहेरी जाता येत नसेल तर माहेरानंच माझ्याकडे यावं, असं मी ठरवलं. आईला एकटीला पाठवणं शक्यच नव्हतं, म्हणून दोघांनाही बोलवायचं, सहा महिन्यांसाठी.

त्या कामात मी कंबर कसून उतरले. नवऱ्याच्या कारखान्याचं पत्र, बँकेचं पत्र, शिक्कामोर्तब केलेलं हमीपत्र. टाइपरायटर वाचनालयात होता, तिथं पोटाला टेबल लागेल अशा अवस्थेत बसून एका बोटानं सगळं टंकलं. पाहुण्यांची मायदेशी मालमत्ता काय, म्हणजे ते परत जातील याला आधार काय, असा एक प्रश्न होता. मी मोठ्या ऐटीत लिहिलं, बावीस एकर बागायत, ऊस, विहीर, विहिरीवर इंजिन. आबांना वेगळं पत्र लिहून मुंबईच्या वकिलातीत काय विचारतील आणि काय सांगायचं ते कळवलं. किती दिवस राहणार, तिकीट कोण काढणार, तिथं कामधंदा करणार का. आबांनी ते पाठ केलं. जमिनीबद्दल मी काहीच कळवलं नाही. स्वतःची जमीन किती हे आबांना शिकवायचं काय, असं मला वाटलं.

इकडे गावात धांदल उडाली होती. ती मला आबांच्या पत्रांतून कळायची. पासपोर्टाचे फोटो काढायला दोघं सांगलीला गेले. फोटोवाला म्हणाला, कान दिसले पाहिजेत, आणि आई डोक्यावरचा पदर मागे घेईना. परक्या माणसापुढे बोडक्या डोक्यानं बसायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. शेवटी पदर तसाच ठेवून फक्त कानामागे सारला. पोलीस खात्याचा माणूस चौकशीला आला, त्याला चहा पाजून चार ऊस बांधून दिले. माझे चुलते फौजेतून पेन्शनीत आलेले. बर्फात वहिनीचं काय होणार म्हणून त्यांनी ट्रंकेतून आपला फौजी ओव्हरकोट काढला. आईनं तो नऊवारीवर चढवून अंगणात चालून बघितला, आणि चुलत्यांनी तिला कडक सलाम ठोकला. हे पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

आईनं मेतकूट केलं, डिंकाचे लाडू वळले, बाळंतशोपा भाजून ठेवल्या, जुन्या लुगड्यांचं दुपटं शिवलं. सांगलीच्या पेठेतून एक हिरवा खण घेतला, लाल काठांचा. तो नागपूरच्या बाईसाठी. परक्या मुलखात लेकीला सांभाळलं, तिच्यापुढे रिकाम्या हातानं कसं जायचं? ते वाचून माझा चेहरा उतरला. पण म्हटलं, आई एकदा येऊ दे, मग सांगू, ती बाई दुसऱ्या गावाला राहायला गेली म्हणून. मी मागची खोली झाडून घेतली, दोन गाद्या आणल्या, खिडकीला पडदा लावला. रोज त्या खोलीत जाऊन उगाच बसायची.

पत्र आलं ते कोरेगावहून, सासऱ्यांच्या अक्षरात. मुंबईहून परतताना आईआबा रेल्वेनं कोरेगावला उतरले होते आणि झालं ते व्याह्यांच्या कानावर घालून पुढे गेले होते. व्हिसा मिळाला नाही. मग सासऱ्यांनी सविस्तर हकिकत लिहिली होती.

वकिलातीत साहेब गोरा होता, पण त्याच्याशेजारी टाय लावलेला आपलाच मराठी माणूस बसला होता, साहेबाचं बोलणं मराठीत सांगायला. पाठ केलेले प्रश्न आले, आबांनी खडाखडा उत्तरं दिली. मग त्या टायवाल्यानं कागदावर पेन ठेवून विचारलं, जमीन किती आहे तुमची?

ते दिवस सीलिंगच्या कायद्याचे. ठरावीक मर्यादेवरची जमीन सरकार काढून घेणार, म्हणून गावोगाव लोकांची झोप उडालेली. त्याच्या जोडीला सरकारला सक्तीनं घालायची धान्याची लेव्ही होतीच. खुर्चीवर बसलेल्या, हातात कागद असलेल्या माणसानं जमीन विचारली की कमी सांगायची, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही शिकवावं लागत नाही. गोऱ्यानं विचारलं असतं तर आबा कदाचित खरं बोलले असतेही. पण विचारणारा आपला, आणि मराठीत. म्हणजे मामलेदाराचाच माणूस. आबांनी हात जोडले आणि म्हणाले, दोन एकर, सायेब, ती बी जिराईत.

टायवाल्यानं माझा अर्ज पुढे केला. मुलीनं तर बावीस एकर लिहिलंय. तेव्हा आबांच्या काळजात चर्र झालं असणार. लेकीनं सरकारला लिहून दिलं! तिला सांभाळून घ्यायला म्हणून ते म्हणाले, पोर लहानपणी हॉस्टेलात गेली, तिला शेतीतलं काय कळतंय.

दोन एकर कोरडवाहूवाला म्हातारा परत कशाला येईल, असं साहेबाला वाटलं असेल तर त्याला तरी काय बोल लावायचा? पुन्हा अर्ज करायला वेळ उरला नव्हता.

जानेवारीत मुलगी झाली. आदल्या दिवसापासून बर्फ पडत होतं. नवऱ्यानं मला सकाळी दवाखान्यात पोचवलं, आणि तिथल्या तेव्हाच्या शिस्तीप्रमाणे त्याला बाहेरच थांबवलं. आत मी आणि पांढऱ्या कपड्यातल्या बायका. त्या चांगल्या होत्या, पण कळ आली की मी आई गं म्हणत होते आणि त्यांच्यापैकी एकीलाही ते समजत नव्हतं. घरी आल्यावर ती मागची खोली मी बंद करून टाकली. आईला पत्र लिहिलं, सगळं नीट पार पडलं, नागपूरच्या बाई दवाखान्यात शेवटपर्यंत हात धरून बसल्या होत्या. दुसरं काय लिहिणार? आणि मनातून आबांवर मी फार चिडले होते. त्या दोन एकरांनी माझी आई अडवली, असं मी धरून बसले. तो राग पुढे विनोदात गेला, एवढंच.

अठ्ठ्याहत्तरच्या शेवटी कागदपत्रं पुरी झाली आणि आम्ही सुट्टीला मायदेशी आलो. मुलगी तीन वर्षांची होत आली होती. कोरेगावात आठ दिवस राहून मी तिला घेऊन माहेरी गेले. आईनं न्हाणीत चुलवण पेटवलं, तेल कोमट केलं, पायावर घालून न्हाऊ घालायला नात मांडीवर ओढली. नात केवढी, आईचे पाय केवढे. मुलगी किंचाळत सुटली आणि अंगभर तेल लागलेली धावत माझ्या मागे येऊन लपली. इंग्रजीत विचारायला लागली, ही बाई कोण आहे? आईनं मला विचारलं, काय म्हणती? भूक लागली म्हणती, असं मी सांगितलं.

दुपारी जेवणं झाल्यावर आई आतून ट्रंकेतला खण घेऊन आली. तोच हिरवा, लाल काठांचा, डांबरगोळीच्या वासाचा. म्हणाली, तुमी त्ये गाव सोडलं तरी आता जाताना तेवढा त्या नागपूरच्या बाईला ने. म्या जपून ठेवलाय.

आबा सोप्यातच सुपारी कातरत बसले होते. मी विषय टाळायला म्हणून त्यांची थट्टा करू लागले. म्हटलं, आबा, दोन एकर सांगितलंत म्हणून हा खण ट्रंकेत राहिला. आबा हसले नाहीत. अडकित्ता खाली ठेवला.

"जिमिनीचं चुकलंच माजं," ते म्हणाले. "पर त्येवड्यावर न्हाई मोडलं ते. सायबानं मागनं आजून एक इचारलं. लेकीजवळ बाळंतपणाला दुसरं कुनी हाय का, का तुमीच पायजे? म्या म्हनलं, हाय की. नागपूरची बाई हाय, लय मायेची, रोज येती. तू लिव्हलं हुतंस न्हवं? मग त्यो सायेब म्हनला, तर मग तुमी बाळ झाल्यावर सावकाश जावा."

हे त्यांनी व्याह्यांना सांगितलं नव्हतं. लेकीच्या शेजारणीमुळे काम अडलं, असं लेकीच्या सासरी कसं बोलायचं, म्हणून.

आळीतलं कुणी बसलेलं नव्हतं, मुलगी आत झोपली होती, आम्ही तिघंच होतो.

"आबा, तसली कुनी बाई न्हवतीच," मी म्हटलं.

आईला आधी कळलंच नाही. तिनं विचारलं, गेली व्हय दुसरीकडं? मी म्हटलं, न्हाई आई, आधीपास्नंच न्हवती. मीच लिहीत होते. तिचे ते मुलगेही नव्हते. मला वाटलं, आता आबा रागावतील, आणि रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते उठले आणि पायात वहाणा न घालताच अंगणात जाऊन उभे राहिले.

आई खणाच्या घडीवरून हात फिरवत होती.

"मंग दवाखान्यात तुजा हात कुनी धरला हुता?"

"कुनी न्हाई."

ती उठली. देव्हाऱ्यातला करंडा आणला, सुपात तांदूळ घेतले, नारळ घेतला. मला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, तो खण नारळावर ठेवून माझी ओटी भरली.

"ह्यो तुजाच हाय मंग," ती म्हणाली.