ताटाची डावी बाजू

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि त्यावर बोट ठेवलं. आमच्या ह्यांच्या डोक्याचा आडवा छेद दिसत होता. कवटी पांढरी, मेंदू करडा, आणि उजव्या बाजूला त्या दोहोंच्या मधे एक जाड, गडद पट्टा. त्या पट्ट्याने सगळा मेंदू एका अंगाला रेटला होता.

"हे रक्त आहे," डॉक्टर म्हणाले. "ताजं नाही, जुनं आहे. महिना-दोन महिने हळूहळू साठत आलंय. डोक्याला मार कधी लागला होता?"

"नाही," मी म्हणाले. अगदी ठासून म्हणाले. नगरच्या त्या दवाखान्यात, आत स्ट्रेचरवर हे अर्धवट शुद्धीत पडलेले असताना मी खोटं कशाला बोलेन? मला खरंच आठवलं नाही. जो मार लागला होता, तो आमच्या घरात मार म्हणून कोणी धरलाच नव्हता.

ज्यांच्या घरात साठीच्या पुढचं माणूस आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ते सायकल चालवो की न चालवो. आजाराचं नाव क्रॉनिक सबड्युरल हेमाटोमा. डोक्याला हादरा बसतो, मेंदूवरच्या आवरणाखाली एखादी बारीक शीर तुटते आणि रक्त पाझरत, साठत राहतं. वरून काही दिसत नाही. जखम नाही, सूज नाही. माणूस जेवतो, भांडतो, सायकल मारतो. आत मात्र जागा कमी कमी होत जाते.

आमचे हे, म्हणजे भास्करराव, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर पाटाच्या कडेने सायकल मारली, निवृत्तीनंतर ती डांबरी रस्त्यावर आणली, एवढाच फरक. गावातले आणखी चार-पाच निवृत्त गोळा केले, सगळ्यांना हेल्मेट घ्यायला लावलं. घोडेगावहून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं घर. शनिवारी, आणि अमावास्येला तर विचारूच नका, या रस्त्यावर कुठकुठच्या गाड्या येतात. गाडीवाल्यांना देव गाठायची घाई, पोलिसांना गाड्या पुढे काढायची घाई, आणि आमच्या ह्यांना सायकलचा हक्क सांगायची घाई.

बंदोबस्ताचे हवालदार दर शनिवारी ह्यांना साइडपट्टीवर उतरायला सांगायचे आणि हे उतरायचे नाहीत. "साइडपट्टीवर खडी हाय, रसवंतीची बाकडी हायेत, गाड्या लावल्यात. सायकल काय खांद्यावर घिऊन जाऊ? डांबरावर माझा बी हक्क हाय." पोलीस ठाण्यात त्यांनी तसा अर्जसुद्धा दिला होता. गाडीवाले काचा खाली करून शिव्या घालायचे, हे पेडल न थांबवता परतफेड करायचे. मी घरी शिवणाच्या मशीनवर बसून पुटपुटायचे, हा हक्क एक दिवस अंगावर येणार.

तसा तो आलाही. एका शनिवारी सकाळी मागून आलेल्या परगावच्या गाडीचा आरसा ह्यांच्या कोपराला लागला आणि हे साइडपट्टीवर आडवे झाले. डोकं रसवंतीच्या खांबाला आपटलं, पण हेल्मेट होतं. हेल्मेटला साधा ओरखडा. गाडीवाला दर्शन करून परतत होता. त्याने उतरून ह्यांचे पाय धरले, पेढ्यांचा पुडा हातात ठेवला. हवालदारांनी दोघांना चहा पाजला आणि म्हणाले, "अण्णा, मिटवून टाका. देवाच्या वाटंवर तंटा नको." मिटलं. गाडीचा नंबर कोणी टिपून घेतला नाही.

घरी शेजारपाजारचे जमले. सगळ्यांचं एकच म्हणणं, जिवावरचं होतं ते सायकलच्या हँडलवर निभावलं. साडेसाती इथेच फिटली म्हणा. मीही दुसऱ्या दिवशी शिंगणापूरला तेल देऊन आले आणि पेढे आळीभर वाटले. आम्ही देवाच्या दाराशी राहणारी माणसं. संकट येऊन गेलं म्हटलं की आमच्या लेखी ते गेलं, मग त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पेढे वाटायला वेळ होता, डोकं तपासून घ्यावं हे एकालाही सुचलं नाही.

पुढचे दोन-तीन आठवडे काहीच झालं नाही. मग ताटात चटणी उरू लागली.

आमच्याकडे ताट वाढायची रीत तुमच्यासारखीच. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी-आमटी उजवीकडे. ह्यांना ठेच्याशिवाय घास उतरत नाही. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून मी त्या ठेच्यावरून रोज कटकट करत आले. आता ठेचा जागच्या जागी, लिंबाची फोड तशीच. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी का होईना, बायकोचं ऐकलं! खूश झाले हो मी. शेजारणीला सांगितलंसुद्धा.

मग दाढी करताना डाव्या गालावर खुंट राहू लागले. डाव्या पायातली चप्पल अंगणातच निघायची आणि हे एका चपलेने घरात यायचे. सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखायचं. ऊन लागलं असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिच्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, आणि आम्ही प्रत्येक गोष्ट सुटीच घेतली.

रस्त्यावर मात्र तंटा वाढत चालला. हे आता साइडपट्टी सोडाच, रस्त्याच्या मधोमध चालवू लागले. सोबतचे म्हणायचे, "भास्करराव, कडंनं घ्या," की हे भडकायचे. जिवाच्या भीतीने एकेकाने साथ सोडली. हवालदारांनी अडवलं तर हे त्यांनाच म्हणाले, "कडंनंच तर चाललोय. ह्याच्या डावीकडं रस्ता हाय कुठं?" बघे हसले. ही ह्यांची जुनीच तक्रार, आता जरा चढवून सांगताहेत, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

शेवटी हवालदारांनी सायकल ठाण्यात लावली आणि ह्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. दारू प्यायलेत का ते पाहायला! ज्या माणसाने उभ्या जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याची ही तपासणी. तपासणीत काही निघालं नाही. तिथल्या तरुण डॉक्टर बाई म्हणाल्या, "काका, जरा चालून दाखवा. मला नीट बघू द्या." पण ह्यांना तो अपमान झोंबला होता. "मी पिलेलो न्हाई, कळलं ना? मग झालं," म्हणत बाहेर पडले. बाईंचं बोलणं अर्धंच राहिलं.

सायकल सोडवून आणली आणि त्याच आठवड्यात एका कांद्याच्या पिकअपवाल्याने ह्यांचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. हे पुढे, रस्त्याच्या मधोमध. मागून हॉर्नवर हॉर्न. आणि त्याचा आवाज, "हे बगा आमचे सायकलवाले काका. रस्ता ह्यांच्या बापाचा हाय. उद्या मेलं तर केस आमच्यावर. पोलीस काय झोपल्यात काय?" खाली लोकांची खिदळणारी तोंडं, आणि अद्दल घडवायचे सल्ले. मी रडले. ह्या पोराला कोर्टात खेचायचं, वकिलाला दाखवायचं, म्हणून तो व्हिडिओ फोनमध्ये जपून ठेवला.

त्यानंतरच्या शनिवारी हे सकाळी उठलेच नाहीत. हाक मारली की डोळे किलकिले करायचे, पुन्हा मिटायचे. उलटी झाली. बोलले ते शब्द जिभेवर घसरत होते. रुग्णवाहिका आली, ह्यांना आत घेतलं आणि ती घरासमोरच्या दर्शनाच्या गर्दीत अडकली. भोंगा वाजतोय आणि एक गाडी हलायला तयार नाही. मी खिडकीतून पाहत होते. ह्यांचा श्वास घोरल्यासारखा येत होता. मला कळलं की हे असेच, या रस्त्यावरच संपणार. तेवढ्यात तेच हवालदार दिसले. त्यांनी मला ओळखलं आणि काही न विचारता आमच्या गाडीपुढे काठी आपटत धावत सुटले. हायवे लागेपर्यंत ते पुढे आणि आम्ही मागे.

तर डॉक्टरांनी विचारलं ते मी वर सांगितलं. मार नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न केला. "मागच्या महिन्याभरात वागण्यात काही बदल?"

"बदल काही नाही. लोक मात्र फार छळतात त्यांना," असं म्हणत मी फोन काढला आणि तो व्हिडिओ त्यांच्यासमोर धरला. कोणीतरी मोठ्या माणसाने आमची बाजू घ्यावी, एवढंच मनात.

डॉक्टरांनी आवाज बंद केला. एकदा पाहिला, पुन्हा पाहिला. "डावा पाय बघा. पेडलवरून सारखा घसरतोय. आणि आता हे बघा."

शेवटी पिकअप ह्यांच्या डाव्या बाजूने पुढे निघते. हातभर अंतरावरून तो पोरगा ह्यांच्याकडे फोन रोखून शिव्या देतो. ह्यांची मान जराही वळत नाही. पापणीही हलत नाही. मी ते इतक्या वेळा पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी मला तो ह्यांचा ताठा वाटला होता.

"याला नेग्लेक्ट म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "डोळे चांगले असतात, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. त्यांच्या दृष्टीने ते कडेनेच चालले होते. डावीकडचा रस्ता त्यांच्यासाठी उरला नव्हता. जेवताना ताटात डावीकडचं तसंच राहतं का?"

मी खुर्ची धरून बसले. आधी ठेचा आठवला आणि त्याच्यामागोमाग रसवंतीचा खांब.

त्याच दुपारी बर होल सर्जरी झाली. म्हणजे कवटीला दोन छोटी भोकं पाडून साठलेलं रक्त बाहेर काढतात आणि एक नळी ठेवतात. सही घेताना डॉक्टर म्हणाले, "उद्यावर टाकलं असतं तर कदाचित सहीची गरज राहिली नसती." बाहेर बाकड्यावर बसून मी ते वाक्य चघळत राहिले. नंतर नळीतून उतरलेलं त्यांनी दाखवलं. काळपट, पातळ, शिवणाच्या मशीनमधून जुनं तेल निघतं तसं. मी तोंड फिरवलं.

डोक्याला मार म्हणून एमएलसी झाली. म्हणजे पोलिसांना कळवावं लागतं, मग जबाब घ्यायला माणूस येतो. "गाडीचा नंबर?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे पेढ्याच्या दुकानाचं नाव होतं.

ह्यांना शुद्ध आली. डॉक्टरांनी ह्यांचा डावा हात उचलून विचारलं, "हा कोणाचा?" ह्यांनी हाताकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझाच की. तुमचा हाय व्हय?" नर्स हसल्या. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

पिकअपवाला पोरगा दवाखान्यात येऊन गेला. दाराशी उभा, आत यायला तयार नाही. "मावशी, डिलीट केला मी तो. लई वंगाळ बोललो."

"माझ्याकडचा मी नाही पुसणार," मी म्हणाले. "त्याच्यामुळेच मला कळलं, ह्यांना काय झालं होतं ते." त्या पोराचे उपकार कोणत्या तोंडाने मानावेत, मला कळेना. शिव्यांसकट मानते.

आता तुम्हाला सांगायचं ते एवढंच. घरचं वडीलधारं माणूस एकाएकी हट्टी झालं, रस्ता चुकायला लागलं, लोकांशी भांडायला लागलं, तर त्याच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी त्याचं डोकं तपासून घ्या. हेल्मेट होतं म्हणून गाफील राहू नका. आणि रस्त्यावर मिटलेली गोष्ट डोक्यात मिटलेली असेलच असं नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले होते, "पुन्हा साठू शकतं. सगळ्यांना नाही, काहींना. लक्ष ठेवा." ते "काहींना" माझ्या मानगुटीवर बसलंय. परवानगी मिळाल्यावर हे सायकल मारू लागले. जुनी साथ परत आली, हवालदारांशी हुज्जतही परत आली. पूर्वी हॉर्न ऐकला की मी चिडायचे. आता मशीन थांबवून कान देते, हॉर्न किती वेळ वाजतो ते. हवालदारांना सांगून ठेवलंय, हे मधे दिसले तर दंड करू नका, आधी मला फोन करा. ते म्हणतात, "वैनी, आमी बी आता अण्णांकडं बगूनच बाकीच्या गाड्या बगतो."

काल दुपारी हे जेवायला बसले. ठेचा संपला, कोशिंबीर संपली. मग हात मधेच थांबला आणि म्हणाले, "लिंबू कुठं हाय?"

पोळी तव्यावरच राहिली. ताटाकडे बघायचा धीर होईना. बघितलं. मिठाशेजारी जागा रिकामी होती. लिंबू मीच वाढायला विसरले होते.

पोळी करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आले. लिंबू चिरलं, फोड ताटात अगदी डावीकडे ठेवली, आणि ह्यांचा हात तिच्याकडे जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.