अक्कांचा सागवानी रेडिओ

आता काय सांगू तुम्हाला! माणसानं तोंडावर आपटावं, सगळेच आपटतात. पण निदान कुणाच्या तेराव्याला आपटू नये. मी आपटलो. चहा घ्या, सांगतो.

बंगळूरच्या येलहंक्यात मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालक, अण्णा आणि अक्का. घर मराठीच, पण कैक पिढ्या इथं मुरलेलं, म्हणजे भाजी मराठी आणि फोडणी कन्नडची. अक्कांची नजर पार अधू झाली होती. जिवाला विरंगुळा एकच, सकाळी कॉम्प्युटरवर भजनं ऐकायची.

एके दिवशी म्हणाल्या, "अरे नागपूरकर, त्या गाण्याच्या खिडकीतली बटणं स्वल्प मोठी करून दे की. मला दिसत नाहीत. दर वेळी यांना उठवावं लागतं."

बस, एवढंच मागणं. बटणं मोठी. दहा मिनिटांचं काम!

पण सांगितलं कुणाला? मला! मी पडलो स्किनवाला. स्किन म्हणजे गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला चढवायचा नवा चेहरा. दिवसभर महादेवपुऱ्यातल्या कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका निस्तरायच्या आणि घरी येऊन असे चेहरे रंगवायचे, हा माझा छंद. म्हटलं, अक्कांना जुना रेडिओ करून देऊ. सागवानी! लाकडाची एकेक रेष हातानं काढली. पितळी जाळी काढली. काचेमागं मंद दिवा लावला. आणि बटणं? अहो, बटणांनी शोभा जाते! ती मी लाकडातच लपवली. कोपऱ्यातल्या नक्षीवर नेमका माउस नेला, की हळूच वर यायची. काय ती कला!

अक्कांनी स्क्रीनला नाक लावून पाहिलं. "छान आहे रे," म्हणाल्या. मी आठवडाभर हवेत.

त्याच हवेत त्यांना म्हटलं, "अक्का, तुमचं स्वतःचं भजनही या रेडिओत घालतो." लाजल्या, पण गायल्या. मी फोनवर रेकॉर्ड केलं. शेवटची ओळ संपते न संपते तोच ऑफिसची मीटिंग आठवली. फोन तसाच टीपॉयवर टाकून वर पळालो.

मग ते रेडिओत घालायचं राहूनच गेलं. आणि अक्का गेल्या. झोपेतच.

तेराव्याला अण्णा म्हणाले, "तिचं भजन लाव रे. सगळ्यांना ऐकू दे."

मी मोठ्या दिमाखात कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणला, स्पीकर जोडला. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं होतं का? छे! मी सागवानाची छटा गडद करत बसलो होतो, प्रसंगाला शोभावी म्हणून. जळलं माझं लक्षण!

भजन सुरू झालं. पाहुणे डोळे पुसू लागले. भजन संपलं. आणि रेडिओतून अक्का म्हणाल्या, "गेला का हो तो?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. अंगावर काटा आला हो!

"गेला," रेडिओतून अण्णांचा आवाज.

"पोरगा गुणी आहे. पण अतिशहाणा! मी काय मागितलं? बटणं मोठी कर. यानं फर्निचर करून दिलं!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तेराव्याला! मी माउसवर झडप घातली. बंद करायचं बटण कुठंय? नक्षीत. कुठल्या नक्षीत? चारही कोपऱ्यांत सारखीच नक्षी, मीच काढलेली! बरं, खिडकी बंद करायची फुली असावी की नाही? तीही मीच काढून टाकलेली. रेडिओला कुठं फुली असते?

"मग सांग की त्याला," रेडिओतले अण्णा म्हणत होते.

"नको हो. जीव ओतलाय त्यानं. मला धड दिसत नाही, तरी छान म्हटलं तर काय बिघडतं? भजनं तुम्हीच लावून देत जा. तो जिना उतरताना ऐकू आला, की माउस माझ्या हाताखाली सरकवा. सरी? चालेल ना?"

आता कुणी हसत नव्हतं. माझ्याच्यानं ऐकवेना. मी स्पीकरची वायर उपटायला वाकलो, तर समोरच्या, खऱ्या अण्णांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे रे. स्वल्प बोलू दे तिला."

अक्का बोलत राहिल्या. गवारी जून निघाली म्हणाल्या, अण्णांच्या मफलरवरून रागावल्या, मध्ये कुकरची शिट्टी झाली. माझ्या फोनची बॅटरी संपली होती तिथपर्यंत. अण्णा माझं मनगट धरूनच बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी बटणं मोठी केली. दहा मिनिटं लागली. लालभडक, बटाटेवड्याएवढी. माझ्या सगळ्या सागवानाची पार वाट लागली. अण्णांना चष्म्याशिवायही दिसतात.

आता ते रोज सकाळी अक्कांचं भजन लावतात. ते संपलं की थांबवायला भलंमोठं बटण आहे, पण अण्णा काही ते दाबत नाहीत. वर मी तोंडात ब्रश धरून उभा असतो, आणि खालून आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं येतं, "यानं फर्निचर करून दिलं!"