बाहेरच्यांनी हात काढावेत

मस्कतपासून दोन तासांवरच्या सहम गावात वाढलेल्या मुलांचं मराठी अडखळतं. माझं अडखळलं नाही, कारण ते पत्रकांतून आलं. सुट्टीवरून परतताना बाबा लोणच्याच्या बरण्यांभोवती नागपूरच्या सभांची पत्रकं गुंडाळून आणायचे. बरण्याही फुटत नसत आणि पत्रकंही घरी येत. ताटात दुधी दिसला की मी ‘जाहीर निषेध’ म्हणायची.

इथे पत्रक वाटता येत नाही. म्हणून शुक्रवारी चार बौद्ध कुटुंबं आमच्या घरी जमली की वंदनेनंतर मी लिहिलेलं पान वाचून दाखवते. त्या शुक्रवारचं पान इस्रायल आणि पॅलेस्टाईनवर होतं. नमाज आटोपून बाबांच्या ऑफिसातले सर्व्हेअरही जेवायला आले होते. ते पॅलेस्टाईनचे, वेस्ट बँकेतले. मी त्यांना अम्मो, म्हणजे काका म्हणते. त्यांच्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इकडे यायचं होतं, पण जॉर्डनकडे येणारा पूल इस्रायलनं बंद ठेवला होता. डॉक्टर म्हणत होते, उशीर केला तर डोळा जाईल. अम्मोंचा फोन ताटाशेजारीच होता.

मी ठणकावून वाचलं, “हा दोन लोकांचा प्रश्न आहे. बाहेरच्यांनी हात काढावेत. शांतता आपोआप येईल.”

टाळ्या पडल्या. बाबांनी अम्मोंना हिंदीत अर्थ सांगितला.

“सगळ्यांनी हात काढायचे?” अम्मोंनी विचारलं.

“सगळ्यांनी!”

“मग पुलावर एक सैनिक आणि माझी म्हातारी, दोघंच उरतील. आपसात मिटवा म्हणतेस?”

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, “पोरी, हे वाक्य तू कुठून उचललंस माहितीये? आमच्या गावच्या चावडीवरून. विहिरीवर आम्हाला पाणी नाकारायचे आणि वर म्हणायचे, गावचा मामला आहे, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. तुझ्या आजोबांनी तालुक्याचा फौजदार आणला, तेव्हा पोहरा विहिरीत गेला.”

मला झोंबलं. “आणि फौजदार त्यांच्याच बाजूनं बंदूक घेऊन उभा राहिला असता तर?”

“तसले तर भरपूर आहेत,” अम्मो हसले. “आम्हाला तेच जास्त भेटलेत.”

“मग? एका हातानं शस्त्रं विकायची, दुसऱ्यानं बोलणी करायची, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा?”

“विश्वास नाही ठेवत. पण पूल उघडायला सांगणारा हात धुऊन आलाय का, हे विचारायला आईच्या डोळ्याला वेळ नाही.” त्यांनी रश्श्यात भाकरी मोडली. “शेवटी राहायचंय आम्हालाच, इस्रायलींच्या शेजारी. ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत त्यांच्यातला एक म्हातारा आमच्या शेतात येऊन उभा राहतो, कुणी झाडं तोडू नयेत म्हणून. त्याचेच लोक त्याला शिव्या घालतात. त्याला बाहेरचा म्हणू की घरचा, सांग ना, पत्रकवाली!”

शस्त्रं पुरवून शांततेची भाषा करणाऱ्यांवर मी आजही चिडते, आणि चिडूनच लिहिणार. पण पानावरचं ‘बाहेरच्यांनी’ मी खोडलं. त्या जागी काय लिहावं ते सुचेना. कोण कुणाच्या अंगावरचं ओझं उचलतोय आणि कोण त्यात भर घालतोय, हे आधी पाहायला हवं होतं. एका शब्दात ते मावत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पूल उघडला. मस्कतच्या किंवा दुसऱ्या कुठल्या राजधानीतून फोन गेला असेल, अशी ऑफिसात चर्चा होती. अम्मोंच्या आई, माझ्या लेखी आजी, आल्या, डोळा वाचला. पट्टी बांधलेल्या त्या आमच्या सोफ्यावर बसल्या होत्या, तेव्हा मला राहवलं नाही. अम्मोंना म्हटलं, पूल कुणी उघडला ते त्यांना विचारा.

आजींनी उत्तर दिलं आणि अम्मो हसत सुटले. मग त्यांनी अर्थ सांगितला.

“ती म्हणते, फाटक उघडलं एका सैनिकानं. मिसरूडही न फुटलेला पोरगा. पण त्याच्या मागं कोण उभं होतं, ते दिसलं नाही. एकच डोळा चालत होता ना!”

आजींनी माझा गाल ओढला आणि आणखी काहीतरी विचारलं.

“आता ती विचारतेय,” अम्मो म्हणाले, “परत जाताना तो पूल उघडा असेल का?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “इन्शाल्ला.” माझ्या कुठल्याही पत्रकात हा शब्द नव्हता.