टीव्हीतली येळवस

आमच्या घरी टीव्ही एकच, आणि त्याच्यावर हक्क सांगणारे तीन. मला माझी मालिका लागते, नवऱ्याला शेत लागतं, आणि युद्ध कुणालाच नको असताना ते मध्येच घुसतं.

शेत म्हणजे व्हिडिओ गेममधलं. खरं शेत औशाच्या पुढे आहे, ते थोरले दीर आणि जाऊबाई बघतात. आम्ही राहतो नांदेडात. नवरा बँकेत, मी शाळेत भूगोल शिकवते. आणि आमची एकुलती एक लेक युक्रेनमध्ये डॉक्टर होते आहे. बारावीला लातूरला क्लास लावून, वह्यांचे ढीग भरूनही तिचा इथल्या सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही, म्हणून तिकडे गेली. युद्ध सुरू झालं तेव्हा अर्ध्यातून परत आली. बरेच दिवस घरी बसून मोबाइलवर लेक्चरं ऐकली, आणि एके दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मी परत जाणार. कॉलेज सुरू झालंय." मी ताट सरकवलं. कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तरी ती गेली. स्टेशनवर सोडायला गेले तेव्हासुद्धा शेंगदाण्याची चटणी बॅगेत मावत नाही म्हणून मी तिच्याशी भांडत होते, कारण भांडले नसते तर रडले असते.

जाण्याआधी तिनं एक शहाणपणाचं काम केलं. कपाटावर धूळ खात पडलेला तिचा गेमचा डबा खाली काढला, टीव्हीला जोडला आणि त्यात एक शेतीचा गेम टाकून दिला. इकडून तिचे पप्पा टीव्हीवर आणि तिकडून ती लॅपटॉपवर, दोघं एकाच रानात ट्रॅक्टर चालवू शकत होते. फोनवर आम्ही बोलून बोलून बोलणार काय? जेवलीस का, थंडी आहे का, सायरन झाला का. तेवढ्यावर फोन संपायचा. शेतात मात्र बोलायला विषय कमी पडत नाहीत.

नवरा त्या गेममध्ये असा शिरला की विचारू नका. त्यात ज्वारी आहे हे कळलं तेव्हा तो हरखून गेला, आणि ती कोंबड्यांना घालायची असते हे कळलं तेव्हा जेवला नाही. "आपली भाकर कोंबड्यांला? कुणी केलाय हा गेम?" असं दिवसभर चाललं होतं. अमावास्येला पेरणी करायला तो ठाम नकार द्यायचा. तिकडे लेक पेरणीयंत्र जोडून ताटकळत उभी, आणि इकडे हा पंचांग बघतोय. नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हा गॅलरीत नारळ फोडला आणि हातातल्या कंट्रोलरला कुंकू लावलं. ते बटणांत गेलं. पुढे आठवडाभर आमचा ट्रॅक्टर फक्त डावीकडे वळायचा.

मी सुरुवातीला नाक मुरडत होते. मग मला मेंढ्या दिल्या. नको नको म्हणत मी त्यांना पाणी दाखवायला लागले, आणि महिन्याभरात माझी मालिका अर्धी सोडून मेंढ्या मोजायला उठायला लागले. स्टाफरूममध्ये मात्र यातलं अवाक्षर काढलं नाही.

खरं सांगायचं तर आम्ही तिघंही त्या शेतात फार सुखात होतो. लेक नांगर धरायची, बाप मागून चुका काढायचा, मी दोघांवर ओरडायचे. तेवढा वेळ मोबाइलवर बातम्या बघायची आठवणही व्हायची नाही.

फक्त एक होतं. तिकडे सायरन वाजला की ती लॅपटॉप तसाच सोडून तळघरात पळायची. इकडे आम्हाला सायरन ऐकू येत नसे. आम्हाला दिसायचं ते एवढंच, की तिचा ट्रॅक्टर चालता चालता नांगराच्या तासात उभा राहिला. वर तिचं नाव तरंगतंय, इंजिन चालू आहे, आणि गाडी हलत नाही. मग आम्ही दोघं सोफ्यावर बसून त्या उभ्या ट्रॅक्टरकडे बघत राहायचो. माझ्या मालिकेतलं जे लग्न वर्षभर रखडलं होतं ते असंच एका सायरनमध्ये लागून गेलं. मी पाहिलं नाही. चॅनल बदलायचा हातच होईना. थोड्या वेळानं ट्रॅक्टर हलायचा, ती लिहायची, "आले. चहा प्यायला गेले होते." आम्हीही चहाच समजायचो.

वीज गेली तर वेगळं. तेव्हा तिचं नावच जायचं आणि रिकामा ट्रॅक्टर उरायचा. त्याचीही सवय झाली होती.

मग येळवस आली. लातूरकडची मोठी पंचांगं तिला वेळ अमावास्या म्हणतात. माझं माहेर मुदखेडचं, आमच्याकडं तिची एवढी धूम नव्हती, त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आवरेना. ऐन थंडीत सगळं लातूर कुलूप लावून रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पाच पांडव म्हणून मांडायचे, त्यांना डाळी-भाज्यांच्या भज्जीचा आणि ताकातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा. मग आंबिलीत पानं बुडवून पिकावर शिंपडत शेतभर फिरायचं, आणि मोठमोठ्यानं एक आरोळी द्यायची. ती आरोळी कन्नडमधून आलेली, अर्थ आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बांधावरून जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी ओळखीचा-अनोळखी असा भेद नसतो. मी दर वर्षी त्या आरोळीची नक्कल करून नवऱ्याला चिडवायचे. स्वतः कधी दिली नाही.

त्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी प्रवास आणि खाली बसणं दोन्ही बंद केलं. जन्मात पहिल्यांदा येळवस चुकणार म्हणून तो तोंड पाडून बसला होता. लेकीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, आपलं रान आहे की. मी येते."

आणि खरंच आली. सकाळपासून दोघांनी टीव्हीतल्या गव्हाच्या कडेला वाळक्या पेंढ्यांचे गठ्ठे रचून कोपी उभी केली. त्या गेममध्ये दगड उचलता येत नाहीत. मग तिनं पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले चाऱ्याचे पाच गठ्ठे आणून आत मांडले. चुना लावलेल्या पांडवांसारखे हुबेहूब दिसत होते, फक्त फार धष्टपुष्ट. नवरा खदखदून हसला. कितीतरी दिवसांनी तो असा हसला होता. मी भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबिल सगळं केलं होतं. टीव्हीपुढे नैवेद्य ठेवला. तो म्हणाला, "आता थोडी आंबिल शिंपड की पिकावर."

"टीव्ही जळेल," मी म्हणाले. "पुरे झालं तुमचं."

तेवढ्यात औशाहून जाऊबाईंचा फोन आला. त्या रानातूनच बोलत होत्या, मागं पोरांचा कालवा. "आगं, लेकराला आंबिल कोण देतंय तिकडं?" म्हणाल्या. मी म्हणाले, ती आत्ता आमच्याच रानात आहे. त्यांना काय कळलं देव जाणे, पण म्हणाल्या, "हाव का? मग पोटभर वाढ तिला."

फोन ठेवून बघते तर टीव्हीत भलताच एक लाल ट्रॅक्टर, उभ्या गव्हातून सरळ येतोय.

झालं असं होतं, की आपलं शेत कुणी नासवू नये म्हणून लेकीनं त्याला पासवर्ड लावून ठेवला होता आणि तो काढू नका असं दहादा बजावलं होतं. नवऱ्यानं तो सकाळीच काढून टाकला होता. मी डोक्याला हात लावला.

"आगं, येळवशीला रान कुलपात ठिवतेत व्हय?" तो म्हणाला. आणि पुढच्याच क्षणी टीव्हीवर खेकसला, "आरं ए! गव्हात काय घालायलास!" मग स्वतःच जीभ चावली. पाहुणा होता ना.

पाहुण्यानं इंग्रजीत लिहिलं, माफ करा, ब्रेक लागला नाही. कोपीजवळ येऊन त्यानं विचारलं, हे काय आहे? उत्तर द्यायचं काम माझ्याकडं. त्या कंट्रोलरनं एकेक अक्षर शोधून लिहावं लागतं. खूप वेळ खपून मी लिहिलं, आज आमचा शेताचा सण आहे, जेवायला थांबा. त्यानं ट्रॅक्टर पांडवांशेजारी लावला आणि हॉर्न वाजवला.

त्याच वेळी लेकीचा ट्रॅक्टर थांबला.

आम्ही नेहमीसारखे बघत बसलो. चहा, मी मनाशी म्हणाले. पण मग तिचं नावही गेलं. सायरन आणि वीज, दोन्ही एकदम असं आधी कधी झालं नव्हतं. फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. मला राहवेना, मी बातम्या लावल्या. तिथं निवेदक घसा फोडून ओरडत होता, त्याच्यामागं सायरन, आगीचे लोळ, लाल बाण. कुठलं गाव, कधीचं चित्र, काही कळेना.

"रान लाव परत!" नवरा ओरडला. "ती आली तर तिथंच येईल!"

परत लावलं. शांत रान, गव्हात पाहुण्यानं पाडलेली वाट, माझ्या मेंढ्या, आणि तिचा रिकामा ट्रॅक्टर. पाहुणा अजून तिथंच होता. त्यानं विचारलं, हा कुणाचा? मी लिहिलं, माझ्या मुलीचा. आणि तिच्या शहराचं नाव लिहिलं.

मग एकेक ओळ यायला लागली. तो त्याच देशाचा. युद्धामुळं शेजारच्या देशात गेलेला, तिथं बस चालवतो. लेकीनं आमचं रान गेममधल्या तिकडच्या लोकांच्या यादीत ठेवलेलं, म्हणून त्याला दिसलं होतं. त्याची बहीण अजून आमच्या लेकीच्याच शहरात राहते. थांबा, म्हणाला, मी तिला विचारतो.

गॅलरीतलं ऊन सरकत सोफ्यापर्यंत आलं. भज्जीवर साय धरली. मी मनात कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल केलं ते इथं सांगत नाही, अजून फेडायचं आहे.

त्यानं लिहिलं, बहीण बोलली. स्फोट शहराबाहेर झाला, वीजघराजवळ. सगळ्या शहरात अंधार आहे, फोन मधूनच लागतोय. कॉलेजच्या बाजूला काही झालेलं नाही. लोक जिन्यात बसून गॅसवर चहा करताहेत. तुमची मुलगीही चहाच पीत असेल.

मी ते नवऱ्याला मराठीत वाचून दाखवलं. चहाची ओळ दोनदा वाचली.

पाहुणा गेला नाही. त्याला सांगितलंही नव्हतं, पण तो आपला लाल ट्रॅक्टर घेऊन तिच्या ट्रॅक्टरशेजारी जाऊन उभा राहिला. आम्ही इकडे दोघं, तो तिकडे एकटा, असे तिची वाट बघत बसलो. त्या क्षणी मला तो माणूस इतका आपला वाटला की त्याचं गहू तुडवणं मी कायमचं माफ केलं. नवऱ्यानंही केलं असावं, कारण त्यानं एका वाटीत खीर काढून टीव्हीसमोर नैवेद्याशेजारी ठेवली. "त्याची," एवढंच म्हणाला.

आणि मग रिकाम्या ट्रॅक्टरवर तिचं नाव आलं.

ट्रॅक्टर हलला. थोडा पुढे गेला, थांबला, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांतली मराठी उमटली, "पप्पा!! पासवर्ड कुणी काढला? गव्हाचं वाटोळं झालंय!"

नवरा दुखऱ्या गुडघ्यासकट उभा राहिला. हसतोय की रडतोय, कळेना. आणि मी काय केलं? आंबिलीचं भांडं उचललं, त्यात पानं बुडवली आणि सपासप टीव्हीवर शिंपडली. गव्हावर, मेंढ्यांवर, लाल ट्रॅक्टरवर, तिच्या नावावर. आणि इतकी वर्षं जिची टिंगल केली ती आरोळी बेंबीच्या देठापासून दिली. नवरा माझ्यामागं आरोळी देत लंगडत होता. काचेवरून ताक ओघळत होतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी काय झालं म्हणून धावत वर आल्या, त्यांनाही हाताला धरून जेवायला बसवलं.

त्या ओघळांतून पडद्यावर तिची दुसरी ओळ दिसली. ती वाचायला मला डोळे आणि टीव्ही दोन्ही पुसावे लागले.

"आई, फोन उचल ना. किती वेळचा वाजतोय."