रिकाम्या माळावरची भाकरी

अंगद लई हुशार, असं उस्मानपुऱ्यात सगळेच म्हणतात. म्हणू द्या. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात एका आठवड्यात मी त्याला जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या सख्ख्या भावालाही घातल्या नाहीत.

मी बन्सी, करमाडचा. जन्मापासून आंधळा. त्या साली आमच्याकडं टँकरवर हाणामाऱ्या, आणि शहर मात्र शेंद्र्यापर्यंत फुगत चाललेलं. तिथल्या एका संस्थेत पत्रं टाइप करायची जागा निघाली. सोमवारी परीक्षा. "संगणक आमचा, त्यात लिनक्स आहे, इंटरनेट नाही. वाचून दाखवणारा प्रोग्राम तुमचा तुम्ही आणा," असं त्यांनी कळवलं. दोन महिन्यांत मी वयाची अट ओलांडणार होतो. ही जागा हुकली असती तर जन्मभर भावाच्या ओसरीवर बसावं लागलं असतं.

अंगद शहरात, उस्मानपुऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मेंढरं राखणाऱ्या घरातला. फावल्या वेळात लिनक्ससाठी, म्हणजे संगणक चालवणाऱ्या त्या फुकट प्रणालीसाठी, फुकट प्रोग्रामचे गठ्ठे बांधतो. त्यांना तो पॅकेज म्हणतो. मराठी वाचणाऱ्या प्रोग्रामचं पॅकेजही त्याचंच.

"पॅकेजवर चिठ्ठी असती बन्सी. मला चालायला हे लागतं, ते लागतं, असं तिच्यावर लिवायचं. ती बघून लिनक्स बाकीचं आपोआप आणतं."

"आन् इंटरनेट नसलं तर?"

"चिठ्ठीवरचं समदं पेनड्राइव्हवर न्यायचं. सोप्पंय."

सोप्पंय म्हणे! बुधवारी करमाडच्या शाळेतल्या संगणकावर त्यानं ते टाकलं. तिथंही तेच लिनक्स, इंटरनेट नाही. मी कान टवकारून बसलो. संगणक ढिम्म. काहीतरी एक सापडत नव्हतं म्हणे. गुरुवारी तो ते घेऊन आला, तर दुसरंच नडलं.

"माझ्या घरी तर चालतंय रे!"

माझं टाळकंच सरकलं. "मग परीक्षा तुझ्या घरी घ्यायला सांगू का रे, दीडशहाण्या?"

शुक्रवारी मीच त्याच्या घरी जाऊन ठाण मांडलं. त्याची आई सुगंधाबाई चहा करत होती. नळाला पाणी आठ दिवसांनी एकदा, तरी माउलीनं काठोकाठ कप दिला. अंगदचं पालुपद चालूच होतं, घरी चालतंय, घरी चालतंय.

"चालंल न्हाई तर काय," म्हातारी म्हणाली. "भरल्या घरात कुणाचंबी चालतं. आम्ही मेंढरं घेऊन निघायचो ना, तर आदल्या दिशी सासू समदं बोचकं माळावर सोडायला लावायची. एक येळची भाकर-आमटी तिथंच करायची, घरातल्या कशाला हात लावायचा नाय. पयल्या खेपेला पीठ, तवा, काडेपेटी, समदं घेतलं व्हतं म्या. मीठच नाय! चुलीपाशी कायम असतं, ध्यानात कशाला येतंय?"

अंगद चहा तसाच टाकून उठला. त्याच्या संगणकात वर्षानुवर्षांचं सामान भरलेलं. प्रोग्राम त्यातलं गुपचूप घेत होता, म्हणून ते चिठ्ठीवर कधी आलंच नव्हतं. त्यानं एक जुनाट संगणक पार पुसला, नुसतं लिनक्स टाकलं, इंटरनेटची वायर उपटली आणि त्यात पॅकेज घातलं. अडलं की राहिलेलं चिठ्ठीवर लिहायचं, संगणक पुन्हा पुसायचा, पुन्हा पहिल्यापासून. शनिवारी संध्याकाळपर्यंत असली पाच मिठं निघाली. तो जेवायलाही उठला नाही, आणि मला माझ्या शिव्यांची लाज वाटली.

सोमवारी संस्थेत त्यानं पेनड्राइव्ह लावला. मग एक चिरका, नाकातला आवाज आला, "अर्जदाराचे नाव, बन्सी..."

तोवर माझं नाव मला दुसऱ्यांनी वाचून दाखवलं होतं. त्या दिवशी ते मी वाचलं. साहेबांसमोर ढसाढसा रडलो, आणि पुसलेल्या डोळ्यांनी परीक्षा दिली.

नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे द्यायला गेलो, तेव्हा अंगदच्या संगणकावर त्या पॅकेजच्या बदलांची नोंद वाचायला लावली. चिरका आवाज म्हणाला, "राहिलेल्या पाच गोष्टी जोडल्या. रिकाम्या माळावर करून पाहिले. ही युक्ती शिकवणाऱ्या, सुगंधाबाई."

म्हातारीला अक्षरओळख नाही. तोंडातला पेढा तसाच ठेवून ती म्हणाली, "अगं बया, माझं नाव?"

"व्हय मावशी. जो कुणी हे पॅकेज घेईल त्याच्याकडं जातंय."

म्हातारी माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "लेकरा, परत एकदा म्हणायला लाव की त्याला."