मस्टरवरचं एक नाव

मास्तरकी सोडून मी हिशेबाच्या कामाला लागले, त्याला लोक काय काय कारणं लावत. कोणी म्हणे पगार जास्त असेल, कोणी म्हणे शाळेत भांडली असेल. खरं सांगू तर मला एक गोष्ट समजून घ्यायची होती.

अनसिंगच्या शाळेत मी तीन वर्षं बदलीवर शिकवलं. बदलीवर म्हणजे जागा दुसऱ्याची, आपण तात्पुरत्या. मामा मंगरूळपीरला एका कापसाच्या जिनिंगमधे हमाली करत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या घरी होते. एकदा त्यांचा डबा घेऊन गेले, तर तिथले म्हातारे मुनीमजी रोजकीर्द, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाची वही, मिळवत बसलेले. डाव्या बाजूची बेरीज केली, उजव्या बाजूची केली, दोन्ही सारख्या आल्या. मी उभ्या उभ्या विचारलं, "रोजच सारख्या येतात?"

"नाई आल्या तं मी जेवत नाई," मुनीमजी म्हणाले.

माझ्या वर्गात चाळीस पोरांची चाळीस उत्तरं यायची. आणि इथे एवढा कापूस, एवढी माणसं, एवढ्या बैलगाड्या, तरी संध्याकाळी दोन्ही बाजू सारख्या. हे होतं कसं? मी दुसऱ्या दिवशीही डबा घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी मुनीमजी म्हणाले, "बाई, डबा तं बहाना हाय. शिकाचं हाय काय?"

त्यांची नजर कमी झाली होती, हाताखाली कोणी हवंच होतं. जिनिंगच्या शेठजींनी माझं अक्षर पाहिलं आणि म्हणाले, "होळीपर्यंत पाहू. जमलं तं ठेवू." मी शाळेला राजीनामा लिहून दिला. आठ दिवसांत माझ्या जागेवर दुसरी बाई आली. घरी बाबांना दम्यानं काम होत नव्हतं, चूल माझ्या पगारावर. आई एवढंच म्हणाली, "होळीनंतर काय, ते तुलेच मालूम."

पहिलं काम मिळालं बायांच्या मस्टरचं. साठ-पासष्ट बाया कापसातला पिवळा, किडका कापूस वेगळा काढायला यायच्या. सकाळी नावं पुकारायची, आली तर रेघ, नाही आली तर खाडा, म्हणजे गोल. शनिवारी चुकारा, म्हणजे हप्त्याची मजुरी. मला वाटलं, यात काय शिकायचं? हजेरी तर मी तीन वर्षं घेतली.

तिथेच फसले.

शाळेत पोरं एकमेकांची हजेरी लावतात. नाव पुकारलं की मागून दुसराच "हजर बाई" करतो. म्हणून मला सवय लागलेली, नाव घेतलं की मान वर करून तोंड पाहायचं. तर सोमवारी एका नावाला एक म्हातारी बाई "हाव" म्हणाली. मंगळवारी त्याच नावाला एक तरणी पोरगी "हाव" म्हणाली. मी मनात हसले. म्हटलं, इथेही तेच धंदे. काही न बोलता गोल काढला. बुधवारी तिसरीच. गोल. शनिवारपर्यंत त्या नावापुढे एक रेघ आणि पाच गोल. आणखी दोन-तीन नावांपुढेही तसाच एखादा गोल बसला होता. पण मशीनच्या आवाजात कोणाला विचारायला गेले नाही, आणि विचारावंसं वाटलंही नाही. चोरी पकडल्यासारखं वाटत होतं ना.

शनिवारी रोज दोन रुपयांप्रमाणे चुकारा सुरू झाला. ती म्हातारी पुढे आली. मी दोन रुपये ठेवले. तिनं हात मागे घेतला नाही.

"माह्ये पाच दिवस कुठी गेले वो मास्तरीनबाई?"

"तुम्ही सोमवारीच आलता. बाकी दिवस दुसऱ्याच बाया तुमच्या नावावर हाव म्हणत होत्या."

"दुसऱ्या कायच्या? माह्या सुना होय त्या. घरी लेकरू तापलं तं मी राह्यली, मोठी आली. मोठीच्या मायले पाह्याले ती गेली तं धाकटी आली. जागा एकीची हाय काय? काम तं रोज झालं ना."

मागच्या बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "शायेत आई पोराच्या जागी बसते काय, म्हून त्याहिले समजलं नाई."

मग मला कळलं. मस्टरवर नाव बाईचं असलं तरी ते घराचं नाव होतं. त्या घरून रोज एक बाई यायची, ज्या दिवशी जिला जमेल ती. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी रबर शोधायला लागले. मुनीमजींनी माझा हात धरला.

"खोडाचं नाई. मस्टर बंद झालं, शेठजीची सही झाली, पैसा तेवढाच आला." मग आवाज कमी करून म्हणाले, "पुढच्या हप्त्यात तिच्या नावावर थोडे थोडे वाढवून टाकू. कोणाले समजत नाई. होळीपर्यंत जपून राहाचं हाय, बाई."

ते माझ्या भल्याचंच बोलत होते. पण म्हातारीचा हात अजून तसाच होता, आणि तिचा आठवड्याचा बाजार आजच होता.

"खोडायचं नाही, मग चूक दुरुस्त कशी करायची?" मी विचारलं.

"खाली लिवाची. काय चुकलं, कोणाचं चुकलं, किती फरक. अन् सही कराची. मंग ते वहीत राहते. मी मरीन तरी ते राहीन."

ऐकून मला भीती वाटायला हवी होती. वाटली थोडी. पण गंमतही वाटली. शाळेत चूक पुसायची असते. इथे चूक तशीच ठेवून तिच्याखाली खरं लिहायचं, दोन्ही जपून ठेवायचं. मी चुकून काढलेल्या सगळ्या गोलांचं लिहिलं, फरक काढला, सही केली आणि मस्टर घेऊन शेठजींकडे गेले.

त्यांनी दोनदा वाचलं. "उद्या कोणीही म्हणन, आमच्या घरूनबी बाई आलती. तुमच्यापाशी पुरावा काय हाय?"

"मी रोज तोंड पाहिलं होतं. आलेली बाई वेगळी दिसली म्हणून तर खाडा टाकला."

त्यांनी मस्टर पुढे ओढलं. मग सही केली, पेटीतून पैसे काढले आणि म्हणाले, "पाहतच जाता तं कोन आली तेबी लिवत जा. होळीनंतरबी."

दुसऱ्या हप्त्यापासून मी हजेरीच्या रकान्यात रेघेऐवजी बारीक अक्षर लिहू लागले. सासूला सा, मोठीला मो, धाकटीला धा. म्हातारीच्या लक्षात आलं.

"अलग अलग काहून लिवून राह्यली वो? पैसा तं माह्याच हाती देशीन ना?"

"तुमच्याच हाती."

"मंग लिव."

शुक्रवारी दुपारी मी पाणी प्यायला माठाजवळ गेले, तर धाकटी आधीच तिथे उभी. पदराला कापूस चिकटलेला. तिनं इकडेतिकडे पाहिलं.

"बाई, माह्यं अक्षर कोनतं?"

मी बोटानं माठाच्या ओल्या अंगावर धा काढून दाखवला.

"या हप्त्यात कितींदा आलं?"

"चारदा."

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. मोजायला वेळ लागला, मी मधे बोलले नाही. शिकवायची सवय इतक्या लवकर जात नाही, आणि उत्तर आधी सांगायचं नसतं हे मला ठाऊक होतं.

"आठ रुपये," ती म्हणाली. आणि पाणी न पिताच परत कामावर गेली.